मोडकळीस आलेल्या इमारती व नागरी संस्थांचे अधिकार

मोडकळीस आलेल्या इमारती व नागरी संस्थांचे अधिकार : दुरुस्तीअभावी राहण्यास अयोग्य झालेल्या किंवा रहिवासी, शेजारी व वाटसरू यांच्या जीवितास धोकादायक बनलेल्या इमारती रिकाम्या करणे, टेकू देऊन सावरणे, दुरुस्त करणे, पाडणे अथवा संपादन करून नव्याने बांधणे यांसाठी नगरपालिका, महानगरपालिका व तत्सम संस्थांना कायद्याने दिलेले अधिकार. इमारत खाजगी मालकीची असली, तरी ती कोसळण्याचे परिणाम मालकापुरते मर्यादित राहत नाहीत, या तत्त्वावर हे अधिकार आधारलेले आहेत. महाराष्ट्रात या अधिकारांचा विकास मुख्यतः मुंबई शहराच्या अनुभवातून झाला. धोकादायक इमारत पाडण्याचा अधिकार तेथील महानगरपालिकेस एकोणिसाव्या शतकातच मिळालेला होता. परंतु दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावा आणि घराबाहेर काढलेल्या रहिवाशांनी कोठे जावे, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या अधिकारात नव्हती. नंतरचे बहुतेक सर्व कायदे या दोन प्रश्नांभोवतीच घडत गेले आहेत.

पूर्वपीठिका : अशा अधिकारांचा आधुनिक उगम औद्योगिक क्रांतीनंतरच्या ब्रिटनमध्ये आढळतो. लंडन शहरासाठी १८५५ मध्ये झालेल्या इमारतविषयक अधिनियमात धोकादायक बांधकामांची पाहणी करून ती सावरण्याची अथवा पाडण्याची तरतूद होती. ग्लासगो शहरासाठी १८६६ मध्ये खास अधिनियम करण्यात येऊन दाट व रोगट वस्ती संपादन करून पाडण्याचा अधिकार शहराच्या सुधारणा विश्वस्तांना मिळाला. १८६८ चा टॉरेन्स अधिनियम एकेका घरापुरता, तर १८७५ चा क्रॉस अधिनियम संपूर्ण वस्तीसाठी होता. एकेका इमारतीवर कारवाई करावयाची की सबंध वस्तीची पुनर्रचना करावयाची, हा तेथे निर्माण झालेला भेद पुढे मुंबईतही कायम राहिला.

१८८८ चा अधिनियम : मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ मध्ये संमत झाला. त्यातील ३५४ वे कलम जीर्ण व कोसळण्याच्या बेतात असलेल्या बांधकामांविषयी आहे. त्यानुसार आयुक्त मालकास किंवा भोगवटादारास लेखी नोटीस देऊन इमारत पाडण्यास, सावरण्यास अथवा दुरुस्त करण्यास फर्मावू शकतात. नोटिशीचे पालन न झाल्यास महानगरपालिकेने ते काम स्वतः करावे व खर्च वसूल करावा, अशीही व्यवस्था अधिनियमात आहे. या तरतुदीचे स्वरूप पोलिसी आहे. म्हणजे तिचा हेतू तात्कालिक धोका दूर करण्याचा आहे, घर टिकविण्याचा नाही. मालक आपल्या मिळकतीची काळजी घेईल, कारण तिच्यापासून त्यास उत्पन्न मिळते, असे त्या काळी गृहीत धरलेले होते. हे गृहीत जोवर खरे होते, तोवर ही तरतूद पुरेशी ठरली.

प्लेग व सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट : १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगश यांना प्लेगचा पहिला रुग्ण आढळला. रोगाचा फैलाव कोंदट व दाट वस्तीत अधिक होतो, या समजुतीने १८९८ मध्ये खास कायदा करून मुंबई सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था स्थापण्यात आली. रोगट वस्ती संपादन करून पाडणे, रुंद रस्ते काढणे व नवीन वसाहती वसविणे ही तिची कामे होती. नागपाडा येथील वस्तीची पुनर्रचना, प्रिन्सेस स्ट्रीट (सध्याचा शामळदास गांधी मार्ग), सँढर्स्ट रोड व सिडनहॅम रोड (सध्याचा महंमद अली मार्ग) हे मार्ग, तसेच दादर, माटुंगा, वडाळा व शीव येथील नियोजित वसाहती ही तिच्या कार्याची उदाहरणे होत. तथापि ट्रस्टच्या प्रारंभीच्या काळात पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या खोल्या अपुऱ्या पडल्या. विस्थापित झालेले कामकरी लोक कामाच्या ठिकाणापासून दूर जाऊ शकत नसल्याने शेजारच्या चाळींत दाटी करून राहिले आणि जी गर्दी कमी करावयाची ती बाजूच्या गल्लीत सरकली. शहराच्या घरांविषयीचे अधिकार लोकनियुक्त महानगरपालिकेऐवजी स्वतंत्र मंडळाकडे देण्याची प्रथाही येथूनच सुरू झाली. १९३३ मध्ये ट्रस्ट महानगरपालिकेत विलीन करण्यात आला.

जीर्णतेची कारणे : मुंबई बेटावरील जुन्या चाळी बहुधा सागवानी खांब व तुळया, त्यांमधील विटांची भरीव भिंत, लाकडी तक्तपोशी व मंगलोरी कौले अशा रचनेच्या आहेत. दोन-तीन पिढ्यांच्या वापरानंतरही कोरड्या जागचे लाकूड चांगले राहते. परंतु मोऱ्या व सामाईक शौचकूप यांच्याजवळ पाणी झिरपून तुळयांची टोके कुजतात आणि तेथूनच इमारत खचू लागते. लोखंडी तुळया वापरलेल्या इमारतींत समुद्राकडील खाऱ्या दमट हवेने गंज चढतो. त्यात पोटमाळे, छपरावरील पाण्याच्या टाक्या, वाढीव खोल्या व तळमजल्यावरील दुकानांसाठी केलेली मोडतोड यांची भर पडते. पावसाळ्यात भिजलेल्या भिंतींचे वजन वाढते व जोड सैल पडतात. म्हणून इमारती कोसळण्याच्या घटना मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या महिन्यांत घडतात. यांपैकी बहुतेक दोष वेळीच दुरुस्ती केल्यास टाळता येण्याजोगे असतात. त्यामुळे दुरुस्ती का होत नाही, हा प्रश्न स्थापत्याइतकाच अर्थकारणाचाही आहे.

भाडेनियंत्रण : पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, मुंबईत भाड्यांवर प्रथम नियंत्रण आले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण अधिनियम लागू झाला व १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हे सर्वसाधारणपणे प्रमाण भाडे ठरले. १९४१ च्या जनगणनेत सु. १५ लाख असलेली मुंबई बेटाची लोकसंख्या १९५१ मध्ये २३ लाखांवर गेली होती. फाळणीनंतरचे निर्वासित व रोजगारासाठी आलेले लोक यांना घरमालकांच्या मनमानीपासून संरक्षण देणे त्या वेळी अपरिहार्य होते. या कायद्यामुळेच गिरणी कामगार, कारकून व छोटे दुकानदार शहराच्या मध्यभागी राहू शकले, ही गोष्ट विसरता येत नाही. परंतु तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा वेळोवेळी मुदतवाढ मिळून अर्धशतक टिकला. १९४० मध्ये दहा रुपये भाडे असलेल्या खोलीचे मूळ भाडे चाळीस वर्षांनंतरही तेवढेच राहिले, तर त्या भाड्यातून एक तुळई बदलणेही मालकास परवडत नाही. दुरुस्तीची जबाबदारी कायद्याने मालकावर होती व त्याने ती टाळल्यास भाडेकरूने नोटीस देऊन दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून मर्यादित प्रमाणात वळता करून घ्यावा, अशी सवलत होती. पण भाडेच नाममात्र असल्याने वळते करून घेण्यासारखे काही उरत नसे. दुसरीकडे पागडीच्या रूपाने भाडेहक्काला मोठी किंमत आली. स्थानिक संस्थेने इमारत पाडण्याचा हुकूम काढल्यास तेवढ्या कारणावरून मालकास ताबा मागता येत असे. त्यामुळे इमारत जीर्ण होऊ देण्यातच काही मालकांचा लाभ होता आणि नागरिकांच्या रक्षणासाठी दिलेल्या ३५४ व्या कलमाखालील नोटिशीकडे भाडेकरू संशयाने पाहू लागले. प्रमाण भाडे गोठविणाऱ्या तरतुदी कालौघात अवाजवी झाल्याचे मत सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात व्यक्त केले. त्यानंतरच्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा देण्यात आली. परंतु वाढ जुन्याच भाड्यावर होत असल्याने जुन्या इमारतींच्या स्थितीत तिने फारसा फरक पडला नाही.

दुरुस्ती मंडळ व उपकर : १९६० नंतरच्या दशकात इमारती कोसळण्याचे प्रमाण वाढल्यावर बेडेकर समितीच्या शिफारशींस अनुसरून मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ अधिनियम, १९६९ करण्यात आला. मालकाने दुरुस्ती केली नाही तर शासकीय मंडळाने ती करावी व तिचा खर्च उपकर आणि सार्वजनिक निधी यांतून भागवावा, हे तत्त्व या अधिनियमाने प्रथमच स्वीकारले. हा उपकर महानगरपालिका मालमत्ता कराबरोबर गोळा करते. त्यावरून ‘उपकरप्राप्त इमारत’ ही संज्ञा रूढ झाली. आरंभी अशा १९,६४२ इमारती होत्या. त्यांचे तीन वर्ग करण्यात आले : १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या ‘अ’ वर्गातील १६,५०२, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गातील १,४८९, आणि १९५१ पासून ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ वर्गातील १,६५१. हे क्षेत्र मुंबई बेटापुरते मर्यादित असून उपनगरे त्यात येत नाहीत. सरकारी व महानगरपालिकेच्या मालकीच्या, तसेच सहकारी संस्थांच्या इमारतीही त्यातून वगळलेल्या आहेत. महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास अधिनियम, १९७६ नुसार ५ डिसेंबर १९७७ रोजी स्थापन झालेल्या प्राधिकरणात (म्हाडा) हे मंडळ समाविष्ट झाले.

दुरुस्तीच्या खर्चावर दर चौरस मीटरमागे कमाल मर्यादा घातलेली असते. ती ओलांडल्यास दुरुस्ती परवडण्याजोगी नाही असे ठरवून इमारत पुनर्रचनेसाठी घेण्यात येते किंवा वाढीव खर्च रहिवाशांनी सोसावयाचा असतो. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध केली जाते. तेथील रहिवाशांसाठी मंडळाने संक्रमण शिबिरे बांधली. नव्या इमारतीत गाळा मिळेपर्यंतची ती सोय होती. परंतु अरुंद भूखंड, नव्या नियमांत न बसणारी जुनी दाटी व अपुरा निधी यांमुळे पुनर्रचना लांबत गेली आणि अनेक कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या संक्रमण शिबिरांतच वाढल्या. हा अनुभव सर्वश्रुत असल्याने पुढे इमारत रिकामी करण्याच्या नोटिशीला विरोध वाढला. टेकूंवर उभ्या असलेल्या चाळीत राहणे धोक्याचे आहे हे रहिवाशांस माहीत असते. मात्र घर सोडल्यास भाडेहक्क, शाळा, रोजगार व शेजार हे सर्व गमावण्याची भीती त्यांना अधिक वाटते.

संपादन : १९८६ मध्ये १९७६ च्या अधिनियमात आठ-अ हे प्रकरण घालण्यात आले. एखाद्या उपकरप्राप्त इमारतीतील किमान ७० टक्के भोगवटादारांनी सहकारी संस्था स्थापून मागणी केल्यास मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मालकास देऊन ती मिळकत संपादन करावी व संस्थेकडे सोपवावी, अशी ही योजना होती. जो राहतो त्यानेच घर राखावे, हा तिच्यामागील विचार होता. मालकांच्या संघटनेने तिला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ही तरतूद वैध ठरविली व प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचे वाटप सामाईक हितासाठी व्हावे, असे सांगणाऱ्या संविधानाच्या ३९ (ब) या अनुच्छेदात खाजगी मिळकत येते काय, असा मूलभूत प्रश्न त्यातून उपस्थित झाला. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने दिलेल्या निर्णयानुसार सर्वच खाजगी मालमत्ता या संज्ञेत येत नाही. काही मालमत्ता मात्र तिचे स्वरूप, दुर्मिळता व समाजावरील परिणाम लक्षात घेता येऊ शकते. मुंबईच्या चाळींतून निघालेला वाद अशा प्रकारे देशाच्या संविधानविषयक महत्त्वाच्या निर्णयांपैकी एकास कारण ठरला.

पुनर्विकास : सार्वजनिक निधी अपुरा पडू लागल्यावर शासनाने चटई क्षेत्र निर्देशांकाचा आधार घेतला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३ (७) या नियमाने जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या जागी अधिक बांधकाम करण्याची मुभा दिली. जुन्या रहिवाशांना नवीन गाळे विनामूल्य द्यावयाचे व वाढीव गाळे विकून विकासकाने खर्च व नफा भागवावयाचा, असे तिचे सूत्र होते. १९९९ मध्ये ही सवलत वाढविण्यात आली. पुढे समूह पुनर्विकासासाठी ३३ (९) हा नियम आला. त्याखालील भेंडी बाजार प्रकल्प सु. १६.५ एकर क्षेत्रावरील सु. २५० इमारतींचा आहे. या पद्धतीने पुष्कळ कुटुंबांना चांगली घरे मिळाली. मात्र जेथे जमिनीस भाव नाही किंवा भूखंड लहान आहे, तेथे विकासक येत नाही. आणि काही ठिकाणी इमारत पाडल्यावर काम अर्धवट राहून रहिवाशांचे पर्यायी भाडेही थांबले. म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या सुधारणेने ७९-अ व ९१-अ ही कलमे आणली. पहिल्यानुसार धोकादायक इमारतीच्या मालकास पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यास सहा महिने, त्याने तो न दिल्यास भाडेकरूंच्या संस्थेस आणखी सहा महिने आणि त्यानंतर मंडळास संपादनाचा अधिकार, असा क्रम ठरविण्यात आला. दुसऱ्याने रखडलेले प्रकल्प ताब्यात घेण्याची सोय झाली. इमारत खरोखर धोकादायक आहे हे कोणी व कशाच्या आधारे ठरवावे, या मुद्द्यावर ७९-अ खालील नोटिशींना मालकांनी उच्च न्यायालयात आव्हान दिले.

विभागलेली जबाबदारी : बेटावरील उपकरप्राप्त इमारतींची जबाबदारी दुरुस्ती मंडळावर, इतर खाजगी इमारतींवरील कारवाई महानगरपालिकेकडे, तर सरकारी इमारती त्या त्या खात्याकडे, अशी विभागणी झालेली आहे. तिचे दोष दुर्घटनांच्या वेळी प्रकर्षाने दिसून आले. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोड येथील कर्मचाऱ्यांची इमारत कोसळून ६१ माणसे दगावली. ही इमारत महानगरपालिकेच्याच मालकीची होती. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जण मृत्यू पावले. ती धोकादायक ठरलेली होती व काही कुटुंबांनी ती सोडलीही होती. जुलै २०१९ मध्ये डोंगरी येथील केसरबाई इमारतीचा भाग कोसळल्यावर तो भाग नेमका कोणाच्या अखत्यारीत होता, यावरच वाद झाला. जून २०२२ मध्ये कुर्ला येथे कोसळलेल्या व १९ बळी घेतलेल्या इमारतीस अनेक वर्षांपूर्वीच नोटीस देण्यात आलेली होती. धोका माहीत नव्हता, असे यांतील अनेक उदाहरणांत म्हणता येत नाही.

न्यायालयीन निर्देश व शासकीय धोरण यांनुसार अलीकडे इमारतींची वर्गवारी केली जाते : ‘सी-१’ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडण्याजोगी, ‘सी-२ अ’ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करण्याजोगी, ‘सी-२ ब’ म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करण्याजोगी व ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. मालक व भाडेकरू यांच्या तज्ञांचे अहवाल परस्परविरोधी असल्यास तांत्रिक सल्लागार समितीने निर्णय द्यावयाचा असतो. इमारत पाडण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूच्या जागेची मोजणी करून तिची नोंद ठेवण्याचीही पद्धत आहे. इमारत पाडल्याने भाडेहक्क आपोआप संपुष्टात येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. त्यामुळे नोटिशीविषयीची भाडेकरूंची एक जुनी शंका निदान कायद्यापुरती दूर झाली.

इतर शहरे व वारसा इमारती : राज्यातील अन्य महानगरपालिकांना १९४९ च्या अधिनियमातील २६४ व्या कलमाने ३५४ व्या कलमासारखेच अधिकार दिलेले आहेत, मात्र तेथे मुंबईसारखे दुरुस्ती मंडळ नाही व उपकरही नाही. पुण्याच्या पेठांतील लाकडी सांगाड्याचे व मातीविटांचे वाडे हे त्याचे ठळक उदाहरण होय. जुलै १९६१ च्या पानशेत पुरात नदीकाठचे कित्येक वाडे पडले. उरलेल्यांपैकी अनेक वाडे मालकांच्या वाटण्या व भाडेकरूंशी असलेले तंटे यांत अडकून जीर्ण झाले. दर पावसाळ्यापूर्वी त्यांना नोटिसा दिल्या जातात. परंतु पर्यायी निवारा देण्यास निधीचे स्वतंत्र साधन नसल्याने कारवाई बहुधा नोटिशीपुरतीच राहते. जतन करण्याजोग्या इमारतींत निराळीच अडचण उद्भवते. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली. १८६० नंतरच्या दशकात बिडाच्या सांगाड्यावर उभारलेले वॉटसन हॉटेल, म्हणजेच एस्प्लनेड मॅन्शन, २०१९ मध्ये धोकादायक म्हणून रिकामे करण्यात आले. तेव्हा ती इमारत पाडावी की सावरावी, याविषयी सुरक्षितता व वारसा या दोन्ही दृष्टींनी वाद झाला.

मूल्यमापन : सव्वाशेहून अधिक वर्षांच्या या इतिहासात नागरी संस्थांचे अधिकार पाडण्यापासून दुरुस्तीकडे, दुरुस्तीकडून संपादनाकडे व तेथून पुनर्विकासाकडे विस्तारत गेले. तरीही मुंबई बेटावर सु. तेरा हजार उपकरप्राप्त इमारती अद्याप शिल्लक आहेत. अधिकार वाढले त्या प्रमाणात त्यांबरोबरची कर्तव्ये मात्र निश्चित झाली नाहीत. जेथे नोटिशीबरोबर जवळच पर्यायी जागा, परत येण्याची लेखी हमी व दुरुस्तीच्या खर्चाची तरतूद असते, तेथे रहिवासी स्वखुशीने घर सोडतात. जेथे ती नसते, तेथे पोलीस बंदोबस्त आणि पाणी व वीज तोडणे याच मार्गांचा अवलंब करावा लागतो व पुष्कळदा तोही अपुरा ठरतो. नियमित दुरुस्तीस लागणारा खर्च पुनर्रचनेच्या मानाने अल्प असतो. परंतु तो वेळेवर करण्यास मालक, भाडेकरू व शासन यांपैकी कोणालाच पुरेसे कारण राहू नये, अशी स्थिती कायद्यांच्या परस्परविसंगतीमुळे निर्माण झाली. म्हणून मोडकळीस आलेल्या इमारतींचा प्रश्न हा केवळ जुन्या बांधकामांचा नसून भाडे, मालकी व निवाऱ्याची हमी यांचा मेळ घालण्याचा प्रश्न आहे.